सभेचा खोळंबा

केतकी दुधभाते हिनं आजवर तीनेकशे राज्यं बुडवली होती आणि या कामाचा तिला पगार मिळत असे.

पुण्यात बाणेरच्या टेकडीखाली 'चौकट' नावाची खेळ बनवणारी एक कंपनी होती. तिचा 'राज्यपट' हा खेळ २०४१ साली देशभरातली दोन कोटी माणसं खेळत होती. खेळ तसा सोपा. नदीकाठी दहा कुटुंबं वसवायची, शेती लावायची, बंधारे घालायचे, शेजाऱ्यांशी भांडायचं नाहीतर सोयरीक करायची. वस्ती हजारावर गेली की पडद्यावर पाच पानं उघडत आणि खेळ विचारी, कारभार कुणाचा? राजा, सरदार, देवस्थान, जाणकार मंडळ की सभा? प्रत्येक पान काही देई आणि काही काढून घेई. राजा घेतला तर फौज पटकन उभी राही, पण तो मेला की वारसांची मारामारी सुरू. देवस्थान घेतलं तर लोक खूश, पण नवी विद्या यायला उशीर. हे देणंघेणं तोलून धरायचं, कोणतंही एक पान हमखास जिंकू द्यायचं नाही, हे केतकीचं काम. कचेरीत तिला सगळे 'तोलदार' म्हणत.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला तिच्या आत्याचा फोन आला. सगुणाआत्या घोडेतळला राहायची. जुन्नरच्या वर डोंगरात अडीच हजार वस्तीचं हे गाव म्हणजे केतकीचं जन्मगाव. आईवडील गेल्यापासून तिथं तिचं म्हणावं असं हे एवढंच माणूस उरलं होतं.

"केतके, तुझ्या त्या खेळानं आमची सभा बंद केली म्हणं?"

"कुठली सभा, आत्या?"

"गावची! दुसरी कुठली? कागद आलाय. इथून पुढं धा वर्सं गावचा कारभार पाच शिकलेली माणसं बघणार. पाणी कधी सोडायचं, रस्ता कुठून काढायचा, समदं तेच ठरवणार. आम्ही नुसत्या टाळ्या वाजवायच्या. कशावरून ठरवलं म्हणून इचारलं, तर तो साहेब म्हणतो राज्यपटावरून. मी म्हणलं, आरं तो तर आमच्या केतकीचा खेळ!"

आत्याच्या आवाजात राग होता आणि त्याच्या तळाशी थोडा अभिमानही होता. केतकीला रागापेक्षा तो अभिमानच जास्त टोचला.

हे घडलं कसं, ते कळायला पटावरची माणसं समजून घ्यायला हवीत. पूर्वी पटावरचा माणूस म्हणजे नुसते चार आकडे असत: भूक, भीती, कसब आणि समाधान. चार वर्षांपूर्वी हर्षद लोखंडेनं 'जनमन' तयार केलं. हर्षद हा केतकीचा कॉलेजपासूनचा मित्र आणि आता कंपनीचा मालक. त्याची युक्ती अशी, की खऱ्या माणसाशी दोन तास गप्पा मारायच्या. कुणाशी बोलणं बंद आहे, पूर आला तेव्हा आधी कुणाच्या दारात गेलात, कुठल्या गोष्टीची अजून लाज वाटते. त्या गप्पांवरून यंत्र त्या माणसाचं एक छोटं मन घडवी. त्या मनाला आठवणी असत, रुसवे असत, केलेल्या उपकाराची जाण असे. अशी हजारो मनं एका पटावर सोडली की ती एकमेकांशी बोलत, फसवाफसवी करत, लग्नं जमवत. पटावरचं अख्खं वर्ष अकरा मिनिटांत उरके.

एका तालुक्यात होऊन गेलेल्या गोष्टी पटावर पुन्हा घडवून पाहिल्या. लस टोचून घ्यायला किती जण येतील इथपासून कुठल्या गावात दारूबंदी टिकणार नाही इथपर्यंत जनमनचे अंदाज जवळजवळ तंतोतंत निघाले. मग सरकारदरबारी हालचाल झाली आणि एक 'कारभार निवड समिती' नेमली गेली. तिनं तीन गावं घेतली, त्यांतल्या एकूण एक माणसाशी गप्पा मारल्या आणि पाचही कारभार प्रत्येक गावाच्या पटावर शंभर वेळा चालवून पाहिले. घोडेतळच्या पटावर जाणकार मंडळ शहाऐंशी वेळा पहिलं आलं. सभा एकदाही आली नाही.

समितीचं काम कंपनीच्या वरच्या मजल्यावर चाले, त्यामुळे केतकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोन ठेवल्यावर तिनं घोडेतळचा पट उघडला. नियमांचा तक्ता वाचत ती बावन्नाव्या ओळीपाशी आली आणि थांबली.

तिथं लिहिलं होतं: सभेचा खोळंबा, ३.

हा तीन तिचा होता. नऊ वर्षांपूर्वी खेळ बाजारात आला तेव्हा सभा घेणारा खेळाडू दरवेळी जिंकायचा. लोक कुरकुरायला लागले की खेळात मजाच नाही. म्हणून केतकीनं सभेला एक लोढणं अडकवलं: सभेचा प्रत्येक निर्णय काही हंगाम उशिरानंच अमलात येईल. दोन हंगाम ठेवले तरी सभाच जिंकली. चार ठेवले तर तिच्याकडं कुणी फिरकेना. तीन ठेवल्यावर पाचही पानं सारखी खपायला लागली. तेव्हा तिनं समोर टीप लिहिली, 'अनेक चाचण्यांनंतर निश्चित केलेला आकडा', आणि ती घरी गेली. टीप खरी होती. फक्त त्या चाचण्या सुट्टीत घरी बसलेल्या बारा कॉलेजकुमारांवर घेतलेल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या नव्या मुलांनी टीप वाचली, आकडा शास्त्रीय असणार असं धरलं आणि तक्ता जसाच्या तसा घोडेतळच्या डोक्यावर ठेवला.

तिनं हर्षदला गाठलं. तो जेवायला बसत होता.

"तो तीन आपला आहे, हर्षद. खेळाडूंना कंटाळा येऊ नये म्हणून घातलेला. त्यावर तू खऱ्या माणसांची सभा बंद करतोयस?"

हर्षदनं डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "आत्ता? अहवाल गेल्यावर? पुढं दोनशे गावांचं काम येतंय, केतकी. आणि तीन काढला तरी जाणकार हरले नसते. शहाऐंशी हा काय थोडा फरक आहे का?"

"मग चालवून बघू."

"नको." त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "त्या पटाला आता हात लावायचा नाही. सुनावणी होऊ दे."

पंधरा वर्षांत हर्षदनं तिला कुठल्याही पटाला हात लावू नको असं सांगितलं नव्हतं. अर्थातच तिनं त्याच दुपारी पटाची एक प्रत काढली, तीनच्या जागी शून्य घातलं आणि शंभर फेऱ्या लावून दिल्या. फेऱ्या चालू असताना तिला वाटलं, तोवर जाणकार मंडळ इतकं जिंकलं कसं तेही बघू. पाच परके शहाणे घोडेतळच्या माणसांना गुण्यागोविंदानं चालवतात, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. तिचं बालपण त्या माणसांत गेलं होतं.

जाणकारांच्या फेऱ्यांत दर पाचव्या दिवशी भर दुपारी गावाचं काम दोन तास थंडावे. नव्या मुलांनी त्यावर 'गळती' असा शिक्का मारून विषय संपवला होता. केतकीनं त्या दोन तासांतलं पटावरचं बोलणं उघडून वाचलं. तळ्याच्या सांडव्यावर चारशे माणसं जमली होती. जाणकारांनी उन्हाळी पाणी खालच्या आळीला आधी द्यायचा हुकूम काढला होता आणि चारशे जण त्यावर भांडत होते. शेवटी हात वर झाले आणि हुकूम फिरवायचा ठरला. मग ज्या बाईनं तो फिरवायला सर्वांत जास्त विरोध केला होता तिच्या हातात पाण्याच्या झडपेची चावी दिली गेली.

केतकी खुर्चीतच मोठ्यानं हसली. घोडेतळची ही जुनी रीत. जो हरला त्यानंच ठराव अमलात आणायचा. त्याच्या हातात काम दिलं की तो बाहेर बसून कुरापती काढत नाही, आणि काम चुकतंय का याच्यावर त्याच्याएवढी बारीक नजर दुसऱ्या कुणाची नसते. तिचे वडील उसाच्या बाजूनं एकदा तीन दिवस भांडले, हरले, आणि मग सबंध उन्हाळा रोज सकाळी जाऊन आपल्याच उसाचं पाणी बंद करून आले. घरात तेव्हा कुणी त्यांच्याशी धड बोलू शकत नव्हतं. ही रीत कुणी यंत्रात घातली नव्हती. गप्पांबरोबर लोकांनीच ती आत नेली होती.

तिनं मोजलं. जाणकारांच्या एकशेबारा हुकमांपैकी एकाहत्तर गावानं गुपचूप बदलले होते. पीक चांगलं येई आणि श्रेय जाणकारांच्या खात्यात पडे. सांडव्यावरच्या या सभेला यंत्र सभा मानत नव्हतं, म्हणून तिला खोळंबाही लागत नव्हता. शहाऐंशी वेळा सभाच जिंकली होती, जाणकारांच्या नाकाखाली. तोवर तिच्या स्वतःच्या फेऱ्याही संपल्या होत्या. तीन काढल्यावर उघड सभा शंभरांत त्र्याण्णव वेळा पहिली आली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सांडव्यावरचं बोलणं हर्षदपुढं ठेवलं. तिला वाटलं, हे वाचून तरी तो विरघळेल. हर्षदचे डोळे चमकले.

"अगं, म्हणजे गळती सापडली! हुकूम मधल्यामधे फिरतात म्हणून आपले आकडे डगमगत होते. हे बंद केलं की मंडळ काय करू शकतं ते दिसेल." आणि त्यानं तिच्यादेखत समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. त्याच संध्याकाळी अहवालात एक कलम वाढलं: मंडळाच्या पहिल्या वर्षात घोडेतळमध्ये दहांहून अधिक माणसांनी कारभाराच्या चर्चेसाठी जमू नये. सुनावणी संपताच हे लागू होईल.

केतकीला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. तिनं गावाचं गुपित स्वतःच्या हातानं नेऊन दिलं होतं.

सुनावणी गुरुवारी सकाळी शाळेच्या मैदानावर मांडवात झाली. चारशेच्या आसपास लोक आले होते. समितीचे अध्यक्ष नाईकनवरे हे सभ्य गृहस्थ, आवाज कधी चढवत नसत. आपण गावाचं भलं करतोय यावर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि असल्या माणसाशी भांडणं फार जड जातं. त्यांनी पडद्यावर हिरवेगार आलेख दाखवले. त्यांच्या शेजारी हर्षद बसला होता, आणि यंत्र सांभाळायला म्हणून केतकी.

नाईकनवरे पाणी प्यायला थांबले तेव्हा ती उभी राहिली.

"साहेब, यातला एक आकडा खोटा आहे आणि तो मी घातलाय." मग तिनं तीनची सगळी हकिकत सांगितली, बारा कॉलेजकुमारांसकट. सांडव्यावरच्या सभेचंही सांगितलं. "आणि मंडळींनो, ते दहा माणसांचं कलम माझ्यामुळं आलंय. पटावर तुम्ही जमता हे मीच यांना दाखवलं. मला वाटलं, यांना कौतुक वाटेल."

मांडवात कल्लोळ झाला. हर्षद कल्लोळावरून आवाज चढवून म्हणाला, "गुप्ततेच्या कागदावर सही केली होतीस, केतकी. तुझी नोकरी गेली." ती म्हणाली, "ठाऊक आहे."

नाईकनवऱ्यांचा चेहरा उतरला होता, पण ते सावरले. "चूक असेल तर दुरुस्त करू. आकडा आत्ता इथं सगळ्यांसमोर काढा आणि शंभर फेऱ्या एकदम लावा. पाऊण तास लागेल. सभा जिंकली तर मी अहवाल फाडतो, कलमही जाईल. माझा शब्द आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तक्ता बदलायला तोलदाराचाच अंगठा लागत असे. हर्षदनं यंत्र तिच्याकडं सरकवलं. त्यालाही सुटल्यासारखं झालं होतं, हे तिला दिसत होतं. त्र्याण्णव. एक अंगठा टेकला की गाव सुटणार होतं. तिनं हात मागं घेतला.

"नाही," ती म्हणाली. "मी या फेऱ्या चालवून पाहिल्यात. तुम्ही जिंकता. म्हणूनच मी अंगठा देणार नाही."

"डोकं फिरलं का हिचं?" मागून दौलू गवारी ओरडला. त्याची जमीन तळ्याच्या अगदी खाली होती. "जिंकतोय तर चालव की!"

"दौलूदादा, आज मी तीन काढला म्हणून सभा राहील. पाच वर्षांनी माझ्या खुर्चीत बसलेलं कुणीतरी दुसऱ्याच कारणानं चार घालील. तेव्हा काय म्हणणार? आज पटाचा निकाल मानला, तर तेव्हाही मानावा लागेल. सभा तुमची आहे की पटानं दिलेली आहे, एवढंच मला विचारायचंय."

"केतके!" सगुणाआत्या पुढच्या रांगेतून उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "लई झालं शहाणपण. तुझी नोकरी गेली ती गेली, आता आमचं गाव घालवायला निघालीस? दाब ते बटण!"

केतकी आत्याकडं वळली. या बाईनं तिला अंगाखांद्यावर खेळवली होती. "आत्या, साहेब म्हणाले म्हणून मी दाबणार नाही. तू म्हणालीस म्हणूनही नाही. सभेनं सांगितलं तर या क्षणाला अंगठा देते. सभा घ्या आणि ठरवा."

नाईकनवऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटांत ठरवा. एक वाजता सुनावणी संपते. त्यानंतर कलम लागू होईल आणि माझ्या हातात काही राहणार नाही."

दहा मिनिटं! घोडेतळच्या सभेला दहा मिनिटांत पहिला बोलणारा कोण हेसुद्धा ठरवता आलं नसतं. सतरंज्या ओढून लोक गोल बसले आणि भांडण सुरू झालं. केतकी गावची मतदार नव्हती. ती बाजूला मांडवाच्या खांबाशी जाऊन बसली. दौलू म्हणाला, हातातोंडाशी आलेला घास टाकायचा का? शाळेच्या बाई म्हणाल्या, साहेबांचा शब्द साहेबांपुरता, उद्या साहेब बदलतात. एक म्हातारा म्हणाला की त्या यंत्रातल्या माणसांनी बंदी असताना सभा घेतली, आणि आपण खरी हाडामांसाची माणसं परवानगी कसली मागतोय? त्याला आत्यानं झाडला, यंत्रातल्यांना पोलीस धरत न्हाईत म्हणून. सगळे हसले. लहानपणी हेच भांडण ऐकताना केतकीला झोप यायची. आज ती एकेक शब्द कान देऊन ऐकत होती, कारण लोक काय ठरवतील हे तिला ठाऊक नव्हतं आणि ते बटण दाबायचं म्हणाले तर तिला दाबावं लागणार होतं.

एक वाजून गेला. नाईकनवऱ्यांनी सुनावणी संपल्याचं दोनदा जाहीर केलं. साहेबांनी दिलेली मुदत टळली होती, तरी ठराव झाल्याशिवाय कुणी उठेना. दोन वाजता फाटकाशी पोलिसांची गाडी येऊन थांबली. तेव्हा दोघंतिघं उठली, चार पावलं गेली आणि परत येऊन बसली.

अडीच वाजता हात वर झाले. फेऱ्या लावाव्यात म्हणणारे एकशे शहात्तर. लावू नयेत म्हणणारे दोनशे एक. आत्याचा हात एकशे शहात्तरांत होता, सर्वांत उंच.

मग सगळ्यांच्या माना आत्याकडं वळल्या. ती हरली होती आणि ती सर्वांत जास्त भांडली होती, तेव्हा ठराव साहेबांना सांगायचं काम तिचं. आत्यानं शिव्या घालतच पदर खोचला, दातओठ खात मांडवाच्या पुढं गेली आणि नाईकनवऱ्यांसमोर उभी राहिली.

"साहेब, सभेनं ठरवलंय. खेळ लावायचा न्हाई. तुमच्या पाच माणसांना गावात यायचं तर येऊ द्या, चहा देऊ. कारभार आमचा आमी बघू. दर पाचव्या दिवशी, दुपारी, सांडव्यावर. तुमच्यादेखत."

"सगुणाबाई, तुम्ही स्वतः तर याच्या विरोधात होतात ना?"

"व्हते की. अजून हाय. म्हणून काय झालं?"

नाईकनवऱ्यांनी समोरचे कागद गोळा केले. "मला नावं लिहून घ्यायला सांगावं लागेल," ते हळू आवाजात म्हणाले. "इथं बसलेल्या प्रत्येकाचं. पुढं खटले होतील. कळतंय ना तुम्हाला?"

"सगुणा बबन दुधभाते," आत्या म्हणाली. "लिवा."

फाटकाशी टेबल टाकून एक हवालदार टॅब्लेट घेऊन बसला. आत्यामागं शाळेच्या बाई उभ्या राहिल्या, त्यांच्यामागं तो म्हातारा, आणि त्याच्यामागं दौलू गवारी, अजूनही बडबडत, की सगळे मूर्ख आहेत आणि सगळ्यांना एक दिवस पस्तावावं लागणार आहे. रांग मैदानाला वळसा घालून गेली. हर्षदनं यंत्र आवरलं आणि गाडीचं दार उघडून धरलं.

"केतकी, चल. तू यात नाहीस. समितीच्या माणसांना कलम लागत नाही."

त्याच्या आवाजात खरी काळजी होती आणि त्यासाठी ती त्याला कधीतरी माफ करणार होती, पण आज नाही. ती रांगेत जाऊन उभी राहिली. कुणीतरी सरकून तिला आत्याच्या मागं जागा करून दिली.

हवालदारानं तिच्या गळ्यातलं समितीचं ओळखपत्र पाहिलं आणि हात हलवला. "बाई, तुम्ही जा. तुमचं नाव लागत नाही."

केतकीनं ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं.

"लागतं. केतकी वामन दुधभाते. लिहा," ती म्हणाली. "आणि माझ्यामागं अजून पावणेचारशे आहेत, त्या टॅब्लेटची बॅटरी पुरते का बघा."